साथीची छायाचित्रे आणि आमचा बाजार

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही दुकानाच्या गादीवर बसून, वर्तमानपत्र वाचता वाचता शिकलो. वडील रोज सकाळी एक मराठी दैनिक घेत असत, कारण सुताचे भाव आणि सरकारी आदेश त्यात लवकर छापून येत. आम्ही आधी छायाचित्र पाहायचो, मग त्याखालची ओळ अक्षर जुळवून वाचायचो आणि ती समजली तरच बातमीकडे वळायचो. त्यामुळे छायाचित्रावर आमचा विश्वास फार. लिहिणारा खोटे लिहू शकतो, पण कॅमेरा समोर असेल तेच दाखवतो, अशी आमची पक्की समजूत होती. या समजुतीपायी आम्ही एकदा दुसऱ्याचे नुकसान केले आणि एकदा स्वतःचे नुकसान सोसले. दोन्ही वेळी निमित्त साथीच्या रोगाचे होते. व्यापारी आणि कारागीर बंधूंना उपयोग व्हावा म्हणून हा जमाखर्च येथे मांडत आहोत.

रुमाल बांधलेले सुरत

सन १९९४ ची गोष्ट. ऑगस्ट महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगची लक्षणे असलेले रुग्ण सापडले. त्यापाठोपाठ सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. त्या पावसाळ्यात तापी नदीला पूर येऊन गेला होता. वस्त्यांत चिखल आणि मेलेली जनावरे पडून होती. बातमी फुटली आणि काही दिवसांतच लाखो माणसे शहर सोडून निघाली. प्रत्यक्षात सुरतेत मृतांची संख्या पन्नासच्या आसपास होती. एकही मृत्यू लहान नाही, पण ज्या भीतीने देश हादरला ती भीती आकड्यांनी पसरलेली नव्हती. ती छायाचित्रांनी पसरली होती.

ती छायाचित्रे आम्हाला आजही आठवतात. रेल्वे स्थानकावर गाठोडी घेऊन बसलेली कुटुंबे, डब्याच्या दारात लोंबकळणारी माणसे, कचऱ्याचे ढीग, औषधाच्या दुकानापुढे टेट्रासायक्लिनसाठी लागलेली रांग. आणि सर्वांच्या नाकातोंडावर बांधलेला रुमाल. दोन-चार दिवसांत त्या रुमालाचा अर्थच ‘सुरत’ असा होऊन बसला. रुमाल ही खरे तर सावध माणसाची खूण. छायाचित्रात तो रोगी माणसाची खूण झाला.

त्या गर्दीत कोण होते? मागावर काम करणारे ओडिशाचे आणि उत्तर प्रदेशचे कामगार, हिऱ्याच्या घंटीवर बसणारे सौराष्ट्रातील कारागीर, आपल्या खानदेशातून पोट भरायला गेलेली माणसे. एकेका खोलीत आठ-दहा जण राहणारी ही मंडळी. छायाचित्र जणू सांगत होते की रोग यांच्यापासून आहे आणि हेच तो देशभर नेत आहेत. पण त्याच आठवड्यात सुरतेतील अनेक खासगी डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून गेले होते. मजुराला औषध कोणी देईना म्हणून तोही निघाला. ही गोष्ट बातमीच्या मजकुरात कुठेतरी होती, छायाचित्रात नव्हती. पळणाऱ्या गर्दीचे छायाचित्र काढता येते, बंद दवाखान्याच्या कुलपाकडे कोण पाहणार? अशा रीतीने गरिबाची पळापळ ठळक झाली आणि शिकलेल्याची पळापळ झाकली गेली.

आता आमचा भाग. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी होती. सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे आम्ही छापील साड्यांच्या गाठी सांगून ठेवल्या होत्या. वडील त्या दिवसांत आजारी होते आणि गादीवर आम्ही एकटे. वय चोवीस-पंचवीस. पहिल्या पानावरचे रुमालाचे छायाचित्र पाहिले आणि विचार न करता माल नको म्हणून कळवून टाकले. गाठी रवाना झालेल्या होत्या, त्या ट्रान्सपोर्टवरूनच परत पाठवल्या. त्या व्यापाऱ्याचा ट्रंक कॉल आला. तो म्हणाला, “भाई, गाठी साथीच्या आधी बांधलेल्या आहेत, बिलावर तारीख बघा.” तारीख समोरच होती. आम्ही पाहिली नाही. आम्ही छायाचित्र पाहत होतो.

त्या दिवसांत आखाती देशांनी भारताची विमाने थांबवली, परदेशी मालाच्या ऑर्डरी अडकल्या. मोठ्यांनी जे मोठ्या प्रमाणात केले तेच आम्ही आमच्या लहानशा दुकानात केले. पुढे १९९५ मध्ये एस. आर. राव हे सुरतेचे महापालिका आयुक्त झाले आणि दोन वर्षांत ते शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. १९९७ साली आम्ही खरेदीला गेलो तेव्हा रस्ते झाडलेले होते. त्या व्यापाऱ्याची पेढी मात्र बंद होती. दिवाळीचा माल अंगावर पडल्याने तो उठू शकला नव्हता आणि दुसऱ्याच्या दुकानात दलाली करत होता. त्याने आम्हाला चहा पाजला, जुन्या गोष्टीचा एक शब्द काढला नाही. आमच्याने तो चहा घशाखाली उतरेना.

कॅमेरा आणि साथ, जुनी सोबत

साथीत कॅमेऱ्याने बाजू घेणे ही नवी गोष्ट नव्हे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारी बंदोबस्ताची छायाचित्रे काढून घेण्यात आली. कॅप्टन मॉस यांचा मुंबईच्या प्लेगचा अल्बम इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहे. अशा छायाचित्रांत चुना मारलेल्या भिंती, शिस्तीत लावलेल्या इस्पितळाच्या खाटा, तपासणी पथके आणि ऐटीत उभे अधिकारी दिसतात. घरातली माणसे कडेला, गप्प उभी असतात. पाहणाऱ्याला वाटावे की एका बाजूला घाण आहे, दुसऱ्या बाजूला सरकार आहे, आणि सरकार उपकार करत आहे.

ज्यांच्या घरात पथके शिरली त्यांना काय वाटले ते या छायाचित्रांत नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरे तपासली, लोक संतापले आणि २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला घेऊन जाण्यावरून दंगल पेटली. ते विणकर आमच्याच धंद्याचे लोक होते. सरकारी कागदात ते अडाणी आणि दंगेखोर ठरले. आपल्या मुलीला परके लोक कुठे नेतात, ती परत येईल का, हा बापाचा प्रश्न कोणत्याही अल्बममध्ये सापडणार नाही. हाच १८९७ चा कायदा महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू झाला, आणि कॅमेराही पुन्हा आला.

टोपीचे छायाचित्र

मार्च २०२० च्या मध्यास दिल्लीत निजामुद्दीन येथील मरकजमध्ये तबलिगी जमातीचे लोक जमले होते. २४ मार्चला टाळेबंदी जाहीर झाली आणि बरेच जण तेथेच अडकले. महिन्याच्या अखेरीस त्यांना बाहेर काढून बसमध्ये बसवण्यात आले. पांढरे कुडते, टोप्या आणि तोंडावर मास्क अशा रांगेचे छायाचित्र देशभर छापले गेले. ते छायाचित्र खरे होते. मरकजच्या जबाबदार मंडळींनी गर्दी वेळीच पांगवायला हवी होती, असे आमचे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. आपली चूक असेल तर ती आपल्या खात्यावर लिहावी, हाच सचोटीचा व्यवहार.

परंतु त्यानंतर जे घडले ते वेगळे होते. अनेक ठिकाणी कोरोनाची कोणतीही बातमी असो, खाटांची, चाचण्यांची किंवा वाढत्या आकड्यांची, तिच्याशेजारी टोपी, बुरखा किंवा मशीद दिसू लागली. बातमीत धर्माचा शब्दही नसे, छायाचित्रात मात्र तोच असे. १९९४ मध्ये रुमालाचे जे झाले ते २०२० मध्ये टोपीचे झाले. सरकारी निवेदनातही त्या दिवसांत तबलिगी जमातीशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा सांगितला जात होता. आकडा वेगळा आणि चित्रही वेगळे. मग वाचकाने दुसरा कोणता अर्थ काढावा?

१४ एप्रिल २०२० रोजी वांद्रे स्थानकाबाहेर हजारो परप्रांतीय मजूर जमले. टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे त्या दिवशी जाहीर झाले होते. हाताला काम नव्हते, गाडी सुटणार अशी अफवा होती, आणि त्यांना गावी जायचे होते. स्थानकाजवळच जामा मशीद आहे. कॅमेरा मशिदीकडे तोंड करून धरला तर मशिदीपुढची गर्दी दिसते. स्थानकाकडे तोंड करून धरला तर घरी जाऊ पाहणारे उपाशी मजूर दिसतात. माणसे तीच, जागा तीच, वेळ तीच. काही वाहिन्यांनी स्थानक सोडून मशिदीचेच नाव पुढे केले. यात खोटे असे छायाचित्र एकही नव्हते, फक्त उभे राहण्याची जागा निवडलेली होती.

याची किंमत कोणी मोजली? हातगाडीवर भाजी विकणाऱ्याने मोजली. त्याला आधी नाव विचारले जाऊ लागले, मग भाव. गाठोडे पाठीवर घेऊन खेडोपाडी लुंग्या आणि चादरी विकणाऱ्या आमच्या फेरीवाल्यांनी मोजली. टाळेबंदी उठल्यावरही कित्येक गावांच्या वेशीवरून त्यांना मागे फिरावे लागले. त्या माणसाची सगळी पुंजी त्या गाठोड्यात असते.

आमच्या अंगावर आले तेव्हा

आमच्या मालेगावात एप्रिल २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात पहिले रुग्ण सापडले आणि पाहता पाहता शहराचे नाव राज्यभर झाले. दाट वस्ती, एका घरात दोन-तीन बिऱ्हाडे, मागांच्या कापसाच्या धुळीने आधीच थकलेली फुप्फुसे, त्यात अनेक खासगी दवाखाने बंद. कोरोनाने जितके गेले त्याखेरीज मधुमेहाचे, हृदयाचे आणि दम्याचे रुग्णही उपचाराविना गेले. ही सर्व कारणे छायाचित्रात मावणारी नव्हती. मावत होती ती फक्त गर्दी.

रमजान चालू होता. एका वर्तमानपत्रात आमच्या बाजाराचे छायाचित्र आले आणि खाली ओळ होती की निर्बंध धाब्यावर बसवून खरेदीची झुंबड उडाली आहे. आम्ही ते पाहून चक्रावलो, कारण बाजार बंद होता आणि आम्ही स्वतः घरात बसून होतो. नीट पाहिले तेव्हा ओळख पटली. छायाचित्रात डाव्या हाताला एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानाची पाटी होती. ते दुकान उठून दोन वर्षे झाली होती. गर्दीत एकाच्याही तोंडावर मास्क नव्हता. ते जुन्या कुठल्या तरी ईदच्या आधीचे छायाचित्र होते.

पुढे माग सुरू झाले, माल निघू लागला. विदर्भातील एका शेठजींचा आमच्या पेढीशी वडिलांच्या काळापासूनचा व्यवहार. त्यांचा फोन आला. म्हणाले, “बाबा, वाईट वाटून घेऊ नको. यंदा तुझ्या गावचा माल नको. गिऱ्हाईक गाठीवरचे गावाचे नाव वाचते. लोकांनी पेपरात फोटो पाहिलाय.” आम्ही सांगितले की तो फोटो जुना आहे. ते म्हणाले, “असेल. पण मी किती जणांना समजावू?”

रिसीव्हर ठेवला आणि सव्वीस वर्षांपूर्वीचा सुरतेचा ट्रंक कॉल कानात घुमला. तेव्हा तारीख बघा म्हणणारा तो होता, न बघणारे आम्ही होतो. आता बघा म्हणणारे आम्ही झालो होतो.

मुलाच्या मदतीने संपादकांना पत्र लिहिले. दुकानाच्या पाटीची गोष्ट त्यात कळवली. तेथून एका सद्गृहस्थाचा फोन आला, ‘जुने छायाचित्र’ असे लिहायचे राहून गेले म्हणाले. चौथ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली. तिचे कात्रण आम्ही शेठजींना पाठवले. दिवाळीला त्यांनी पुन्हा माल उचलला, पण एक गोष्ट बोलून गेले, “फोटो सगळ्या गावाने पाहिला, दुरुस्ती मी एकट्याने वाचली.”

न्यायालयांचेही असेच झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी मरकजला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. वर्तमानपत्रे आणि वाहिन्यांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असा निष्कर्ष त्या निकालात आहे. परदेशी पाहुण्यांना आसरा दिला म्हणून दिल्लीत ७० भारतीयांवर लावलेली प्रकरणे दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केली. पाच वर्षे गेली. बसच्या रांगेचे छायाचित्र सर्वांना आठवते. निकालाचे छायाचित्र नसते, म्हणून तो कोणाला आठवत नाही.

ढिगावरचे कोरडे धान्य

एक हदीस आपल्या व्यापाऱ्यांना चांगली माहीत आहे. पैगंबर साहेब (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. वरचे कोरडे धान्यही खरेच धान्य होते. फसवणूक होती ती वर काय ठेवायचे आणि आत काय दडवायचे यात. वर्तमानपत्रातील छायाचित्राचे तंतोतंत असेच आहे. सूरह अल-हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, आणि शहानिशा न केल्यास नकळत एखाद्या समूहाचे नुकसान होऊन पुढे पस्तावण्याची वेळ येईल, असा इशाराही आहे. आम्ही तो पस्तावा १९९७ मध्ये सुरतेत चहाच्या कपासोबत घेतला.

हा नियम आपल्या बाजूच्या छायाचित्रांनाही लावावा. मे २०२० मध्ये सुरतेच्या कापड उद्योगात काम करणारे दोन मित्र ट्रकने उत्तर प्रदेशातील आपल्या गावी निघाले होते. एक हिंदू, एक मुसलमान. मध्य प्रदेशात शिवपुरीजवळ हिंदू मित्राला ताप चढला, लोकांनी त्याला भीतीने खाली उतरवायला लावले. मुसलमान मित्र त्याच्याबरोबर उतरला आणि रस्त्याच्या कडेला त्याचे डोके मांडीवर घेऊन बसला. मित्र वाचला नाही. ते छायाचित्र पाहून आम्ही रडलो. त्या घटनेवरून २०२५ मध्ये ‘होमबाउंड’ हा चित्रपटही आला. अकोल्यात कच्छी मेमन जमातीच्या तरुणांनी नातेवाईक पुढे येईनात अशा हिंदू मृतांचे त्यांच्या रीतीने अंत्यसंस्कार केले, त्याचीही छायाचित्रे छापून आली. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यावरून आपला समाज निर्दोष ठरत नाही, जसा बसच्या रांगेवरून तो दोषी ठरत नाही. नमुन्याचा तुकडा म्हणजे संपूर्ण ताका नव्हे.

छायाचित्र सत्य सांगण्यासाठीही उभे राहू शकते. एप्रिल २०२१ मध्ये दानिश सिद्दीकी यांनी दिल्लीतील एकाच वेळी पेटलेल्या चितांची छायाचित्रे काढली. काहींना ती देशाची बदनामी वाटली. आकडे लहान करून सांगता येत होते, पण जळत्या चिता मोजता येत होत्या. सिद्दीकी जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात काम करताना मारले गेले. २०२२ मध्ये त्यांना आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांना भारतातील कोरोनाच्या छायाचित्रांसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

व्यापाऱ्याने काय करावे?

कापड घेताना आपण पन्हा मोजतो, सूत उसवून पाहतो, ताका उलगडून मधला भाग बघतो. छायाचित्रालाही अशीच पारख लावावी. ते कोणत्या दिवशीचे आहे? पाट्या, कपडे, ऋतू पाहावे. बातमी त्याच गावाची आहे का? छायाचित्र काढणारा कुठे उभा होता, आणि त्याच्या पाठीमागे काय असेल? चित्रात कोण नाही? खालच्या ओळीतील क्रियापद कोणते आहे? श्रीमंत ‘रवाना’ होतो आणि मजूर ‘पळतो’, हा फरक कॅमेऱ्याचा नसतो, लिहिणाऱ्याचा असतो.

छायाचित्र चुकीचे वाटले तर नुसते हळहळू नये. कात्रण आणि तारीख जपून ठेवावी आणि संपादकांना सभ्य भाषेत पुराव्यानिशी लिहावे. उत्तर न मिळाल्यास भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या नियमांत तक्रारीची सोय आहे. त्यासाठी आधी संपादकांना लिहिलेले असावे लागते आणि दैनिक किंवा साप्ताहिकाविरुद्धची तक्रार छापल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते. परिषद दंड करू शकत नाही, ताकीद देऊ शकते. तीही कामाची असते. आणि मोबाइलवर आलेले छायाचित्र दुसऱ्या गावाचे, दुसऱ्या समाजाचे असले तरी तपासल्याशिवाय पुढे ढकलू नये. आपल्याला जे सोसावे लागले ते दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे हा आपला धंदा नाही.

साथी पूर्वी आल्या, पुढेही येतील. पुन्हा एखाद्या गावाचे नाव पहिल्या पानावर चित्रासह येईल आणि त्या गावात आपला कोणीतरी व्यापारी असेल. त्याचा माल परत पाठवण्याआधी बिलावरची तारीख पाहावी आणि त्याला एक फोन करावा. आमच्या पेढीवर आता हा नियम आहे.